टेबलावरचा बेडूक आणि तळ्यातला बेडूक

विसाव्या शतकात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या आपल्या बहुतेक डॉक्टरांचा पहिला ‘रुग्ण’ बेडूक होता. इंटर सायन्स किंवा प्री-मेडिकलच्या वर्गात मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसविलेला बेडूक, त्याचे तीन कप्प्यांचे हृदय आणि शेजारी पेन्सिलीने काढलेली आकृती हे दृश्य त्या पिढीच्या स्मरणात कायमचे आहे. ग्वाल्हेरचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ साली सुरू झाले. त्या काळच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांत बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याची मज्जातंतू वेगळी काढून, धुराने काळ्या केलेल्या फिरत्या ड्रमवर स्नायूच्या आकुंचनाचे आलेख घेतले जात. पुढे २०१४ साली वैद्यकीय परिषदेने आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने असे प्रयोग थांबवून संगणकीय पर्याय वापरण्याचे धोरण स्वीकारले. ते योग्यच झाले.

बेडूक वर्गातून गेला म्हणजे त्याचा धडाही संपला, असा समज मात्र होऊ नये. टेबलावरच्या बेडकाने आपल्याला जे शिकविले त्याहून अधिक मोलाचे असे काही तळ्यातला, ओढ्यातला, जिवंत बेडूक आज शिकवीत आहे. त्यातील बरेचसे संशोधन आपल्या देशात, काही तर महाराष्ट्राच्या सह्याद्रीत झालेले आहे. त्या संशोधनाचा परिचय करून देणे आणि त्यात वैद्यकाचे काय पणाला लागले आहे ते सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या परिसरातील बेडूक

ग्वाल्हेरचा मे महिना कसा असतो हे येथील वाचकांस सांगावयास नको. त्या धगीत बेडूक कोठे असतो? त्याची त्वचा पातळ व ओलसर. उघड्यावर तो काही तासांत कोरडा पडून मरेल. म्हणून तो चिखलात, भेगांत, दगडांखाली शिरून शरीराचे व्यवहार मंदावून पडून राहतो. हिवाळ्यातील निद्रेप्रमाणेच ही ग्रीष्मनिद्रा होय. पहिला जोरदार पाऊस झाला की एका रात्रीत चित्र पालटते. आपल्या पाठ्यपुस्तकात ‘राना टिग्रिना’ या नावाने असलेला, आणि आता शास्त्रज्ञ ज्याला ‘होप्लोबॅट्राकस टायगेरिनस’ म्हणतात, तो मोठा बेडूक सखल जागी साचलेल्या पाण्यात जमतो. एरवी हिरवट-तपकिरी असणारे नर त्या दिवसांत लिंबासारखे पिवळे होतात व त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळ्या रंगाचे स्वरकोश फुगतात. हा सोहळा थोड्याच रात्रींचा असतो. पाणी आटण्यापूर्वी अंडी, बेडूकमासा आणि बेडूक हा सारा प्रवास पूर्ण करावयाचा असल्याने त्यांना उसंत नसते.

याखेरीज अंगावर चामखिळींसारखे उंचवटे असलेला भेक, पाण्याच्या पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारीत जाणारा लहान बेडूक आणि जमिनीत बीळ करून राहणारे गोलमटोल बेडूक हेही उत्तर भारताच्या मैदानी भागातील रहिवासी आहेत.

शरीररचना : टेबलावरील धडे

बेडकाच्या शरीराने वैद्यकाला काय दिले याची यादी मोठी आहे. त्यातील तीनचार नोंदी पुरेशा आहेत. रक्त रोहिणीतून नीलेत कसे जाते, हा विल्यम हार्वेच्या सिद्धान्तातील न सुटलेला दुवा १६६१ साली मार्चेल्लो माल्पिगीला बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्यांच्या रूपाने सापडला. लुइजी गॅल्व्हानीने १७९१ साली प्रसिद्ध केलेले विजेचे प्रयोग बेडकाच्या पायांवरच केलेले होते. ऑटो लोवीने १९२१ साली एका बेडकाच्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर सोडला आणि मज्जातंतू रसायनांच्या मार्फत निरोप देतात हे सिद्ध केले. त्यासाठी त्याला १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हान्स उसिंग याने १९५१ साली बेडकाच्या त्वचेचा तुकडा दोन द्रवांच्या मध्ये पडद्यासारखा बसवून पेशी ऊर्जा खर्चून सोडियम पलीकडे नेतात हे दाखविले. याच धर्तीच्या उपकरणात पुढे आतड्याचा अभ्यास झाला आणि साखरेच्या सोबतीने सोडियम कसे शोषले जाते हे पक्के कळले. अतिसारात आपण जी जलसंजीवनी देतो तिचे शास्त्र याच वाटेने आले आहे.

बेडकाच्या शरीराची काही वैशिष्ट्ये आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला उद्बोधक वाटतील. त्याला आपल्यासारख्या बरगड्यांचा पिंजरा नाही व श्वासपटलही नाही. आपण छाती फुगवून हवा आत ओढतो; बेडूक तोंडात हवा घेऊन, घशाचा तळ वर उचलून, ती फुफ्फुसांत ढकलतो. अतिदक्षता विभागातील व्हेंटिलेटर हेच करतो. गिळताना बेडूक डोळे मिटतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचे नेत्रगोल आत ओढले जाऊन भक्ष्य घशाकडे सरकविण्यास मदत करतात. त्याची जीभ मागे नव्हे, तर पुढच्या बाजूस जबड्याला जोडलेली असते, म्हणून ती क्षणार्धात बाहेर फेकली जाते.

आपल्यातील ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्टांना गॅली-मायनिनी चाचणीही आठवेल. गरोदर स्त्रीच्या मूत्राचे इंजेक्शन दिल्यावर नर भेकाच्या मूत्रात काही तासांत शुक्रजंतू दिसत. १९४७ साली पुढे आलेली ही चाचणी रासायनिक संच येईपर्यंत उपयोगात होती. त्याआधी दक्षिण आफ्रिकेतील झेनोपस जातीच्या माद्या याच कामासाठी जगभर पाठविल्या जात. या निर्यातीचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

विकास : शेपटीच्या जागी पाय

बेडूकमासा हा जवळजवळ मासाच असतो. त्याला कल्ले असतात, शेपटी असते, वनस्पती पचविण्यास योग्य असे लांबलचक वेटोळे घातलेले आतडे असते आणि तो नत्राचा निचरा अमोनियाच्या रूपाने करतो. काही आठवड्यांत त्याला पाय फुटतात, शेपटी विरघळून जाते, आतडे आखूड होते, रक्तातील हिमोग्लोबिन बदलते आणि यकृतात युरिया तयार करणारी विकरे कामाला लागतात. एवढे सारे घडवून आणणारा संदेश एकच, तो म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा स्राव. गुडरनाच या संशोधकाने १९१२ साली बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा त्यांचे अकालीच चिमुकल्या बेडकांत रूपांतर झाले. थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात हाती येण्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. एकच संप्रेरक पायाच्या पेशींना ‘वाढा’ आणि शेपटीच्या पेशींना ‘मरा’ असे सांगते. म्हणजेच संदेशाचा अर्थ ऐकणाऱ्या पेशीवर ठरतो. थायरॉइडच्या रुग्णात एकाच कमतरतेची इतकी भिन्न लक्षणे का दिसतात, याचे उत्तर या डबक्यात सापडते.

याहूनही विस्मयकारक शोध ग्वाल्हेरपासून फार दूर नसलेल्या जयपूर येथे लागला. राजस्थान विद्यापीठातील नियाझी व सक्सेना यांनी भेकाच्या बेडूकमाशांचा मागचा पाय कापून त्यांना जीवनसत्त्व ‘अ’ अधिक प्रमाणात दिले. लहान बेडूकमाशांत कापलेला पाय पुन्हा उगवतो हे ठाऊक होते. परंतु १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत पायाचा गमावलेला भाग तेवढाच उगवला नव्हता. जो भाग जागेवर शिल्लक होता त्याचीही पुन्हा निर्मिती झाली होती. जणू कापल्या जागेच्या पेशी आपण कोठे आहोत हे विसरून अगदी मुळापासून पाय रचू लागल्या होत्या.

१९९२ साली भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातून प्रियंबदा मोहंती-हेजमाडी व त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला, तेव्हा विकासशास्त्राचे अभ्यासक थक्क झाले. एका जातीच्या बेडूकमाशांची शेपटी कापून त्यांना जीवनसत्त्व ‘अ’ दिले असता शेपटीच्या जागी शेपटी न येता मागचे पाय उगवले होते! प्रियंबदाजी या ओडिसी नृत्याच्या नामवंत कलावती म्हणूनही ओळखल्या जातात, हेही सांगावेसे वाटते.

डॉक्टरांच्या दृष्टीने याचे महत्त्व काय? जीवनसत्त्व ‘अ’पासून बनणारे रेटिनॉइक आम्ल गर्भातील पेशींना ‘तुझे स्थान अमुक’ असे सांगणाऱ्या व्यवस्थेचा एक भाग आहे. हा संदेश चुकीच्या वेळी, चुकीच्या मात्रेत पोहोचला तर रचना बिघडते. मुरमांवरील आयसोट्रेटिनॉइन हे औषध अमेरिकेत १९८२ साली बाजारात आले आणि गरोदरपणी ते घेतलेल्या स्त्रियांच्या बालकांत चेहरा, हृदय व मज्जासंस्था यांचे गंभीर दोष आढळले. म्हणून ते गर्भवतीस वर्ज्य आहे, आणि म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ ते देण्यापूर्वी इतके प्रश्न विचारतात. त्याच कुळातील ट्रेटिनॉइन मात्र रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात भरकटलेल्या पेशींना परिपक्व होण्याचा संदेश देऊन रुग्णाचे प्राण वाचविते.

वर्तन : साताऱ्याच्या ओढ्याकाठी

शरीररचना मृत प्राण्यात पाहता येते, विकास काचेच्या भांड्यात पाहता येतो. वर्तन पाहावयाचे तर प्राण्याच्या घरीच जावे लागते. याचे उत्तम उदाहरण सह्याद्रीतील एका लहानशा बेडकाचे आहे. पावसाळ्यात वाहत्या ओढ्यांकाठी राहणारा हा निशाचर बेडूक १९५५ साली शास्त्राला ज्ञात झाला व मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्या गौरवार्थ त्याचे नाव ‘निक्टिबॅट्राकस हुमायुनी’ ठेवण्यात आले. 

दिल्ली विद्यापीठाचे डॉ. सत्यभामा दास बिजू यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने, ज्यात मुंबईतील बीएनएचएसमध्ये काम केलेले डॉ. वरद गिरी हेही होते, सातारा जिल्ह्यातील हुंबरळी परिसरात रात्र रात्र जागून या बेडकाचे चित्रण केले. सामान्यतः बेडकाचा नर मादीला पाठीमागून घट्ट मिठी मारतो आणि ती अंडी घालीत असताना त्यांवर शुक्रजंतू सोडतो. या मिठीचे सहा प्रकार ज्ञात होते. येथे मात्र नर मादीच्या पाठीवर बसतो, हात तिच्याभोवती न आवळता पानावर किंवा फांदीवर टेकवितो, तिच्या पाठीवर शुक्रजंतू सोडतो आणि निघून जातो. मादी त्यानंतर अंडी घालते आणि तिच्या पाठीवरून ओघळलेल्या द्रवाने ती फळतात. हा सातवा प्रकार २०१६ साली प्रसिद्ध झाला. या जातीची मादीही साद घालते, असेही त्याच अभ्यासात आढळले. बेडकांत हे विरळाच असते.

या शोधासाठी मोठी प्रयोगशाळा लागली नाही. लागला तो पाऊस, अंधार, कॅमेरा आणि धीर. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात डॉ. श्रीनिवास सैदापूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच धीर धरून भेकाचे बेडूकमासे आपल्या सख्ख्या भावंडांना परक्यांपासून वेगळे ओळखतात हे दाखवून दिले. मोहरीएवढ्या मेंदूला आप्तपर ओळखता येतो, ही गोष्ट विच्छेदनाच्या टेबलावर कधीच कळली नसती.

त्वचा : एक न उघडलेली औषधपेटी

अमेरिकेतील डॉ. मायकेल झॅस्लॉफ झेनोपस बेडकांवर लहानशी शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा टाकीत सोडीत. ते पाणी जंतूंनी भरलेले असे, तरी जखमा मात्र चिघळत नसत. कोणताही शल्यविशारद येथे थबकेल, तेही थबकले. १९८७ साली त्यांनी बेडकाच्या त्वचेतून जंतुनाशक पेप्टाइडे वेगळी केली व त्यांना ‘मॅगॅनिन’ हे नाव दिले.

आपल्या पश्चिम घाटातही असेच एक उदाहरण आहे. तेथे विस्तृत प्रदेशात आढळणाऱ्या एका बेडकाची स्वतंत्र जात म्हणून ओळख २०१५ साली पुण्याचे डॉ. आनंद पाध्ये, डॉ. नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटविली व त्याला ‘हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा’ असे अर्थपूर्ण नाव दिले. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, केरळातील याच बेडकाच्या त्वचास्रावातील एक पेप्टाइड एच-१ प्रकारच्या इन्फ्लुएंझा विषाणूंना नष्ट करते व बाधित उंदरांना वाचविते, असे केरळ व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी जाहीर केले. केरळातील लवचीक तलवारीवरून त्याला ‘उरुमिन’ म्हटले गेले. प्रयोगशाळेतील यशापासून औषधापर्यंतचा मार्ग दीर्घ असतो आणि बहुतेक रेणू वाटेतच गळतात, हे डॉक्टरवर्ग जाणतोच. तथापि पेटी उघडावयाची तर आधी ती शिल्लक असली पाहिजे.

जे हातचे गेले

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात १९७३ साली एका बेडकाची शास्त्रीय नोंद झाली. त्याची मादी फलित अंडी गिळून टाकी. अंडी जठरात वाढत. सहासात आठवडे ती काही खात नसे आणि अखेर पूर्ण वाढलेली पिल्ले तोंडावाटे बाहेर टाकी. जठरातील आम्लाने पिल्ले कशी विरघळत नसत? अंड्यांभोवतीच्या आवरणातून व पिल्लांतून प्रोस्टाग्लँडिन ई-२ स्रवत असे आणि त्यामुळे आईच्या जठरातील आम्लनिर्मिती बंद पडे. अल्सरच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या कोणाही वैद्याने त्या बेडकापुढे हात जोडून बसावे असे हे ज्ञान होते. पण १९८१ नंतर तो रानात दिसला नाही. बंदिवासातील शेवटचा १९८३ साली मेला. त्याची दुसरी भगिनी-जात १९८४ साली सापडली आणि १९८५ नंतर तीही दिसली नाही. बंद झालेले जठर पुन्हा कसे सुरू होई, पिल्ले बाहेर पडण्याची वेळ कशी ठरे, हे विचारावयास आता कोणी उरलेले नाही.

असे नाहीसे होणे अपवादात्मक राहिलेले नाही. त्वचेवर वाढून बेडकाचे क्षार-संतुलन बिघडविणारी व अखेर हृदय बंद पाडणारी एक बुरशी १९९९ साली शास्त्राला ज्ञात झाली. २०१९ च्या एका जागतिक आढाव्यानुसार तिने पाचशेहून अधिक जातींची संख्या घटविली असून त्यांपैकी नव्वद जाती बहुधा नामशेष झाल्या आहेत. ही बुरशी देशोदेशी पसरण्यात गर्भचाचणीसाठी झालेल्या झेनोपसच्या निर्यातीचाही हात असावा, असे काही संशोधकांचे मत आहे. २०२३ सालच्या मूल्यमापनानुसार जगातील उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. प्रत्येक पाच जातींमागे दोन, असे हे प्रमाण पडते.

याची किंमत माणसालाही मोजावी लागते. कोस्टारिका व पनामा या देशांत बुरशीने बेडूक नाहीसे झाल्यानंतरच्या काळात मलेरियाचे रुग्ण वाढल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. डासांच्या अळ्या व डास खाणारे कमी झाले, एवढे साधे ते गणित आहे. आपल्या देशातून एके काळी बेडकांच्या तंगड्यांची मोठी निर्यात होत असे. कीटक खाणारा प्राणी विकून कीटकनाशके विकत घेण्यात कोणते शहाणपण, असा प्रश्न निसर्गप्रेमींनी विचारला. त्यांत हुमायून अब्दुलअली अग्रभागी होते. अखेर १९८७ साली ही निर्यात बंद झाली. म्हणजे जनमत जागे झाले तर बेडूक वाचू शकतो, हेही आपल्याच देशाने दाखविले आहे.

आपण काय करू शकतो?

आज आपल्या शहरातील बेडकांना तंगड्यांच्या व्यापाराहून वेगळा धोका आहे. ग्वाल्हेर विस्तारत आहे. पावसाचे पाणी साचणारे सखल भूखंड भराव घालून सपाट होत आहेत. स्वर्णरेखेचे पात्र सिमेंटने बांधले गेले आहे. ज्या उथळ, तात्पुरत्या पाण्यात बेडकाची पुढची पिढी वाढते ते पाणी आपल्या नजरेस निरुपयोगी डबके दिसते.

येथे डॉक्टरांकडून एक आक्षेप अपेक्षित आहे. डबकी राखावयाची तर डेंग्यूचे काय? उत्तर स्पष्ट आहे. डेंग्यूचा एडिस डास प्रामुख्याने घराभोवतीच्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. कूलरच्या टाक्या, गच्चीवरील उघड्या टाक्या, जुने टायर, कुंड्यांखालच्या बश्या ही त्याची घरे होत, आणि तेथे बेडूक पोहोचत नाही. दर आठवड्यास ती कोरडी करणे हे आपले काम. सागरतालासारख्या तळ्यांचे व तिघरा परिसरातील पाणथळींचे काठ मातीचे, गवताळ व विषमुक्त ठेवणे हे याच्या विरुद्ध नाही. ते याला पूरकच आहे. सरसकट कीटकनाशक फवारणीने डास परततात, बेडूक परतत नाही.

आपल्या समाजातील शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी पहिल्या पावसाच्या रात्री आपल्या मोहल्ल्यातील बेडकांचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून तारीख व ठिकाण लिहून ठेवावे. काही वर्षांत कोणता आवाज कोठून नाहीसा झाला हे त्या नोंदींवरून कळेल. लष्कर असो की मोरार, या उपक्रमास खर्च शून्य आहे. साताऱ्याच्या ओढ्याकाठी जे साधले ते याच मार्गाने साधले होते. डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना, विशेषतः पालकांना, बेडूक हा घाणीचे नव्हे तर जिवंत पाण्याचे लक्षण आहे हे समजावून सांगितले, तर त्यांच्या शब्दाला जे वजन आहे ते अन्य कोणाच्या शब्दास येणार नाही.

संकुचित दृष्टीच्या माणसाला आपण ‘कूपमंडूक’ म्हणतो. परंतु ज्याने केशवाहिन्या दाखविल्या, मज्जातंतूंची भाषा उलगडली, गर्भातील पेशींचा नकाशा सुचविला आणि ज्याच्या त्वचेतील औषधे अजून आपण मोजलेलीही नाहीत, त्याला केवळ एक डबके म्हणून बुजवून टाकणे, यापेक्षा अधिक संकुचित दृष्टी कोणती असेल? या पावसाळ्यात आपल्या घराजवळचे एक तरी तळे, एक तरी सखल गवताळ जागा त्याच्यासाठी तशीच राहील एवढे पाहावे. वैद्यकाने त्याच्याकडून जे घेतले त्याची ही अल्पशी परतफेड होईल.